विचारायला लाजू नका, विचारल्यावर रागावू नका

पैशांवरून भांडणे होतात असे आपण म्हणतो. बारकाईने पाहिले तर बहुतेक भांडणे पैशांविषयीच्या शंकेवरून होतात. ‘मी दिले होते’ आणि ‘मला मिळालेच नाहीत’ ही दोन वाक्ये समोरासमोर उभी राहिली आणि साक्षीला तिसरे कुणी नसले, की शेजार तुटतो, भागीदारी मोडते, सख्खे भाऊ बोलेनासे होतात.

११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली. भारतीय राष्ट्रीय देयक निगमाने, म्हणजे एनपीसीआयने, उभारलेल्या या व्यवस्थेने सुट्ट्या पैशांची कटकट मिटवली आणि ‘सुट्टे नाहीत, गोळ्या घ्या’ हे दुकानातले वाक्य जवळपास संपवले. त्याहून मोठे काम तिने गाजावाजा न करता केले. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातात एकाच व्यवहाराची, एकाच क्रमांकाची नोंद दिली. तिसरा साक्षीदार मिळाला.

मात्र जुनी शंका मिटली तशा नव्या शंका आल्या. दाखवलेली नोंद खरी आहे का? पलीकडे तोच माणूस आहे का? पैसे मधेच अडकले तर तोवर ते कुणाचे? या शंकांवर जगणारे भामटे संगणकातल्या त्रुटी फारशा शोधत बसत नाहीत. त्यांचे भांडवल तीन गोष्टींचे असते: आपली भीड, आपली घाई आणि आपली भीती. समोरच्याला ‘दाखवा बरं’ म्हणायला आपण संकोचतो आणि आपल्याला कुणी तसे म्हटले तर दुखावतो. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. खात्री करून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरलेले असले पाहिजे. तसे ठरले की सुरक्षितता आणि सलोखा एकत्र नांदतात.

गल्ल्यावरचा तंटा

सर्वांत जास्त कुरबुरी होतात त्या दुकानात. ग्राहकाच्या खात्यातून चारशे रुपये गेले, दुकानदाराचा साउंडबॉक्स मात्र गप्प. ग्राहक म्हणतो, ‘हे बघा, गेलेत.’ दुकानदार म्हणतो, ‘आले नाहीत.’ मागे रांग लागलेली असते आणि आवाज चढू लागतात. गंमत अशी, की दोघेही खरे बोलत असतात. पैसे ग्राहकाच्या बँकेतून निघून एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत दुकानदाराच्या बँकेत पोहोचतात. या साखळीतला एक दुवा अडला, की इकडून वजा झालेली रक्कम तिकडे जमा झालेली दिसत नाही.

अशा वेळी काय होते, याचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदती घालून दिल्या. यूपीआयवरून व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा होऊ शकली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या रकमेची खातरजमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. हा नियम दुकानदाराला आणि ग्राहकाला दोघांना ठाऊक असेल, तर ‘माझे पैसे बुडाले’ ही धास्ती कमी होते आणि भांडणातली हवा निघून जाते.

मग गल्ल्यावर करायचे काय? ग्राहकाने ॲपमधल्या इतिहासात तो व्यवहार उघडावा. ‘यशस्वी’, ‘प्रलंबित’ आणि ‘अयशस्वी’ या तीन शब्दांतला कोणता दिसतो, ते मोठ्याने वाचावे. यशस्वी असेल तर दुकानदाराने आवाजाच्या भरवशावर न राहता आपल्या ॲपमधली जमा यादी पाहावी. नेटवर्क नसले की साउंडबॉक्सही मुका होतो. प्रलंबित असेल आणि ग्राहक ओळखीचा असेल, तर व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक वहीत लिहून माल द्यावा आणि उद्या मिटवावे. ग्राहक अनोळखी असेल तर त्याने रोख द्यावेत आणि दुकानदाराने बिलाच्या मागे लिहून द्यावे: ‘दोन्ही रकमा आल्या तर एक परत देईन.’ खाली फोन नंबर लिहावा. ही एक ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्याने ग्राहकाची अर्धी चिंता जाते.

स्क्रीनशॉटला मात्र पुरावा मानू नका. पैसे गेल्याची हुबेहूब खोटी पाटी दाखवणारी ॲप चोरांकडे असतात. इथे खरी अडचण भिडेची असते. रोजच्या गिऱ्हाइकाला ‘तुमचा मोबाइल नको, माझ्याकडे येऊ द्या’ कसे म्हणायचे? त्यासाठी गल्ल्यावर पाटी लावा: ‘आमच्याकडे जमा दिसल्यावरच माल मिळेल. नियम सर्वांना सारखा.’ माणसाने टोकले की लागते. पाटीवरचा नियम कुणाला लागत नाही, कारण तो एकट्यासाठी नसतो.

क्यूआर कोडचीही अशीच काळजी घ्या. दुकानाबाहेरच्या कोडवर रात्रीतून आपला कोड चिकटवून जाणारे लोक आहेत. दुकान उघडल्यावर स्वतःच्याच मोबाइलने कोड एकदा स्कॅन करून नाव पाहणे ही सवय झाली पाहिजे. ग्राहकानेही पैसे पाठवण्याआधी नाव वाचून दाखवावे: ‘काका, अमुक ट्रेडर्स येतंय, बरोबर ना?’ एनपीसीआयच्या निर्देशानुसार ३० जून २०२५ पासून ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवणे बंधनकारक आहे. फोनमध्ये आपण ठेवलेले नाव किंवा त्याने स्वतः घेतलेले टोपणनाव नव्हे. अनेकदा दुकानाची पाटी एका नावाची असते आणि खाते पत्नीच्या किंवा वडिलांच्या नावाचे. अशा दुकानदारांनी कोडखाली ठळक लिहावे, की पैसे कोणत्या नावाने जमा होतील. ग्राहकाची शंका तोंडावर येण्याआधीच मिटते.

दुकानात नोकर असतील तर त्यांच्या वैयक्तिक कोडवर कधीही पैसे घेऊ देऊ नका. आज सोयीचे वाटते, उद्या त्याच्या प्रामाणिकपणावर बोट उठते. रात्री दुकान बंद करताना ॲपमधली दिवसाची बेरीज आणि बिलांची बेरीज नोकरासमोरच जुळवा. त्यात त्याचेही संरक्षण आहे.

पैसे घ्यायला पिन लागत नाही

संपूर्ण लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठलीही विनंती मंजूर करावी लागत नाही. जुना फ्रिज विकायला काढला आणि न पाहताच घ्यायला तयार झालेला खरेदीदार ‘मी कोड पाठवतो, स्कॅन करा, आगाऊ रक्कम येईल’ म्हणाला, की संभाषण तिथेच संपवा. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून संमती देण्याची सोय काही ॲपमध्ये असते. ती संमती पिनइतकीच पक्की असते.

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे ॲपमधून पैशांची मागणी पाठवण्याची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, कारण तिचा वापर फसवणुकीसाठी होत होता. त्यामुळे एक दार लागले. बाकीची दारे आपल्याला लावायची आहेत.

पहिले दार व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फायलींचे. लग्नपत्रिका, वाहनाचे ई-चलान, थकलेले वीजबिल, सरकारी योजनेचा अर्ज अशा नावाने ‘एपीके’ प्रकारची फाइल येते. ती म्हणजे पत्रिका नसून ॲप असते. उघडून मंजुरी दिली, की तुमचे संदेश आणि त्यातले ओटीपी दुसऱ्याला दिसू लागतात. पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडू नका. कदाचित त्याचाच फोन आधी ताब्यात गेला असेल. त्याला फोन करून विचारा. त्याचेही भले होईल.

दुसरे दार फोनचे. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’, ‘तुमचे केवायसी संपले’ असे सांगणाऱ्याला घाई तुमच्यापेक्षा जास्त असते. बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० पासून सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवली आहे आणि बँकांची संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यांवर आणली आहेत. या खुणा उपयोगी आहेत. तरीही कोणत्याही क्रमांकावरून पिन, ओटीपी किंवा स्क्रीन दाखवण्याची मागणी आली तर उत्तर ‘नाही’ हेच. ग्राहकसेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. तो कार्डाच्या मागे आणि पासबुकवर छापलेला असतो.

तिसरे दार आपल्या चांगुलपणाचे. ‘काकू, चुकून तुमच्या नंबरवर पाच हजार आले, आईच्या औषधाचे आहेत, परत करा ना.’ आधी स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहा. आलेला संदेश खोटाही असू शकतो. खरोखर आले असतील तरी फोनवरच्या माणसाने दिलेल्या नव्या क्रमांकावर पाठवू नका. त्याला त्याच्या बँकेकडे तक्रार करायला सांगा आणि तुम्ही तुमच्या बँकेला कळवा. आपली माणुसकी इथे सुटत नाही. पैसे बँकेमार्फत खऱ्या मालकाकडे जातात, एवढेच.

घरातला हिशेब, घरातली शांतता

घराघरांत एक विचित्र रीत रुजली आहे: एकमेकांचा पिन माहीत असणे म्हणजे प्रेम आणि न सांगणे म्हणजे लपवाछपवी. ही समजूत सोडा. घरखर्चासाठी एक सामाईक खाते ठेवा, त्याचा हिशेब दोघांनीही पाहावा आणि स्वतःच्या खात्याचा पिन स्वतःपुरता ठेवावा. मग ‘त्या दिवशी दोन हजार कुठे गेले?’ हा प्रश्न उलटतपासणी होत नाही.

घरातल्या ज्येष्ठांसाठी आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ‘यूपीआय सर्कल’ ही सोय समजून घ्या. मुख्य खातेदार आपल्या खात्यातून खर्च करण्याची मुभा ५ जणांपर्यंत देऊ शकतो. पूर्ण मुभा दिली तर एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची कमाल मर्यादा असते. अंशतः मुभा दिली तर दर वेळी मुख्य खातेदाराची मंजुरी लागते. आजोबांना भाजी आणता येते, पिन पाठ ठेवावा लागत नाही आणि आयुष्यभराची पुंजी असलेले खाते फोनला जोडावे लागत नाही. रोजच्या किरकोळ खर्चासाठी ‘यूपीआय लाइट’ आहे: त्यात ५,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात. फोन हरवला तर नुकसान तेवढ्यापुरते. निवृत्तीची ठेव असलेल्या खात्याला यूपीआय न जोडणे हा सर्वांत सोपा विमा आहे. दुबई, सिंगापूर, लंडन किंवा न्यू जर्सीला असलेल्या मुलांना तिथल्या मोबाइल क्रमांकावर आपले अनिवासी खाते जोडून इथली बिले भरता येतात. त्यासाठी आईवडिलांचा पिन मागण्याची गरज नसते.

गावाकडे आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशावर पैसे काढून देणारे केंद्र असते. गरज नसेल तेव्हा आधारच्या ॲपमधून ठसे कुलूपबंद करता येतात. पैसे काढायच्या वेळी उघडायचे. ठसा देताना यंत्रावरची रक्कम वाचून घ्यावी, पावती मागावी. ‘ठसा नीट आला नाही, पुन्हा द्या’ असे म्हटले तर आधी शिल्लक तपासावी.

ज्येष्ठांना गाठणारा सर्वांत क्रूर प्रकार म्हणजे ‘डिजिटल अटक’. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलिस ठाण्यासारखी भिंत, तुमच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची बतावणी आणि ‘कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कुणाला सांगायचे नाही’ अशी तंबी. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. कोणताही पोलिस, न्यायालय किंवा तपासयंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे ‘तपासायला’ मागवत नाही. आईवडिलांना हे समजावून सांगा. त्यांच्याकडून एकदा म्हणूनही घ्या: ‘मी मुलाशी बोलून सांगतो.’ या चार शब्दांनी कॉल तुटतो, कारण तुम्ही एकटे पडलेले असणे ही त्यांची पहिली अट असते.

आवाजाची नक्कलही आता करता येते. ‘बाबा, माझा अपघात झालाय, या नंबरवर पाठवा’ असा फोन आला तर तो ठेवून मुलाच्या जतन केलेल्या क्रमांकावर उलट फोन करा. लागला नाही तर त्याच्या मित्राला. घरच्यांनाच ठाऊक असलेला एखादा प्रश्न ठरवून ठेवा.

आणि घरात कुणी फसलेच, तर पहिल्या दिवशी उपदेश करू नका. ‘एवढं शिकून कसे फसलात?’ हा प्रश्न घरात विचारला जातो म्हणून माणसे दोन-दोन दिवस गप्प बसतात. त्या दोन दिवसांत रक्कम चार खाती फिरून निघून जाते.

सोसायटी, मंडळ, बचत गट

सार्वजनिक पैशांच्या बाबतीत विश्वास व्यक्तीवर न ठेवता पद्धतीवर ठेवावा. गणेशोत्सवाची वर्गणी, सोसायटीची देखभाल रक्कम, सहलीचे पैसे किंवा बचत गटाचा हप्ता खजिनदाराच्या वैयक्तिक क्रमांकावर गोळा होतो, तेव्हा तो माणूस कितीही सचोटीचा असो, वर्षाअखेरीस कुजबुज होतेच. त्याच्या पगारात, किराण्यात आणि वर्गणीत सीमारेषा उरत नाही. प्रामाणिक माणसाला अशा परिस्थितीत ढकलणे हा त्याच्यावरचाच अन्याय आहे.

पद्धत सोपी आहे. संस्थेच्या नावाने खाते उघडा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा घ्या. पैसे काढायला दोन सह्या लागतील असे पाहा. पावतीवर १२ आकडी संदर्भ क्रमांक लिहा. महिन्याला एकदा खात्याचा उतारा सूचना फलकावर लावा. पैसे देणाऱ्यांचे फोन नंबर मात्र झाका. रोख वर्गणीही चालू ठेवा, पण ती दोन दिवसांत त्याच खात्यात भरा. महाराष्ट्रात उत्सवासाठी वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. ते परवानगीपत्र कोडच्या शेजारी लावले, की देणाऱ्याला विचारावेही लागत नाही.

थकबाकीची यादी व्हॉट्सॲप समूहावर टाकण्याचा मोह टाळा. कुणाचा व्यवहार प्रलंबित असेल, कुणाची नोकरी गेली असेल. आधी एकट्याला विचारा. चारचौघांत गेलेली अब्रू पैसे जमा झाले तरी परत येत नाही.

भिशीत दर महिन्याला कुणी किती दिले आणि कुणाला उचल मिळाली, हे पाठवलेल्या रकमेसोबतच्या टिपणीत लिहा: ‘भिशी, जून, हप्ता’. तीन शब्द पुरतात. उसनवारीतही तेच करा. ‘उसने’ असा शब्द टिपणीत असला, की दोन वर्षांनी तो आहेर होता की कर्ज होते, यावर वाद होत नाही.

खाते भाड्याने देऊ नका

चोरीचे पैसे चोराच्या स्वतःच्या खात्यात जात नाहीत. ते जातात कुणा विद्यार्थ्याच्या, रिक्षाचालकाच्या, नोकरी शोधणाऱ्या तरुणाच्या खात्यात. ‘तुझ्या खात्यात रक्कम येईल, तू पुढे पाठव, टक्केवारी तुझी’ किंवा ‘फक्त पासबुक, कार्ड आणि सिम दे’ असा प्रस्ताव घरबसल्या कामाच्या नावाखाली येतो. तक्रार झाली, की पोलिसांच्या हाती पहिले नाव त्या मुलाचे लागते. कॉलेजांनी आणि पालकांनी हे पहिल्याच वर्षी मुलांना सांगायला हवे. तुमच्या नावावर किती सिम कार्डे चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. अनोळखी क्रमांक दिसला तर तिथेच कळवता येते.

याची झळ निरपराध व्यापाऱ्यालाही बसते. फसवणुकीची रक्कम खरेदीच्या रूपाने त्याच्या खात्यात आली, की परराज्यातल्या तपासामुळे खाते गोठवले जाऊ शकते. असे झाले तर बँकेकडून लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, पोलिस ठाणे आणि वादातली रक्कम. त्या व्यवहाराचे बिल, माल दिल्याची पावती आणि संभाषण जोडून पोलिसांना आणि बँकेला अर्ज करा, आणि संपूर्ण खात्याऐवजी वादातली रक्कमच रोखावी अशी विनंती करा. खबरदारी म्हणून, मोठ्या खरेदीत बिल एकाच्या नावाचे आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यातून येत असतील, तर माल देण्याआधी थांबा.

फसवणूक झालीच तर

या क्रमाने चाला.

१. लगेच १९३० वर फोन करा. हा राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक आहे. महाराष्ट्र असो वा गोवा, तोच. रक्कम ज्या बँकेत पोहोचली तिथे ती अडवण्याचा प्रयत्न इथून सुरू होतो. पहिला तास मोलाचा. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या पोर्टलवरही नोंदवता येते.

२. त्याच वेळी बँकेला कळवा, कार्ड आणि यूपीआय बंद करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या.

३. संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम, समोरच्याचा फोन आणि संभाषण जपून ठेवा. लाजेखातर काही पुसू नका.

४. बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

तुमचा हक्कही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी अनधिकृत व्यवहारांतल्या जबाबदारीचे नियम घालून दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही ते लागू केले. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात, बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवले तर मर्यादित; साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हे बँकेवर बंधन आहे. तुम्ही स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर कळवण्याआधीचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतरचे मात्र बँकेचे. म्हणून चूक स्वतःची असली तरी लपवू नका. फोन उचलण्यातली प्रत्येक दिरंगाई तुमच्याच खिशातून जाते.

चुकीच्या क्रमांकावर स्वतःच पैसे पाठवले असतील, तर ती फसवणूक नव्हे. आधी ॲपमध्ये, मग बँकेत आणि मग एनपीसीआयकडे तक्रार करा. घेणाऱ्याच्या संमतीशिवाय बँक ती रक्कम सरसकट ओढून आणू शकत नाही, म्हणून अनोळखी ठिकाणी मोठी रक्कम पाठवताना आधी एक रुपया पाठवून नाव तपासा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

ज्यांच्या हातात स्मार्टफोन नाही

डिजिटल व्यवहार लादला गेला, की विश्वासाऐवजी चीड निर्माण होते. साध्या फोनसाठी मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ आहे, पण ते शिकवायला माणूस हवा. तोवर घरकाम करणाऱ्या बाईंना पगार कसा हवा, ते त्यांनाच विचारा. खात्यात टाकल्यावर घरातला दुसराच कुणी काढून घेत असेल, तर त्यांना रोख हवी असेल, किंवा उलट. त्या रोख मागत असतील तर रोख द्या आणि तारखेनिशी वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. दुकानदाराने ‘फक्त ऑनलाइन’ आणि ग्राहकाने ‘रोख बाळगतच नाही’ असा हट्ट धरला, तर वादाला आमंत्रण मिळते. खिशात पाचशेची एक नोट असू द्या. नेटवर्क गेल्यावर तीच कामाला येते.

या आठवड्यात एवढे करा

घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये १९३० आणि बँकेचा मदत क्रमांक जतन करा. कार्डांचे परदेशी आणि ऑनलाइन वापराचे पर्याय गरज नसेल तर बँकेच्या ॲपमधून बंद करा. ऑटोपेची यादी उघडून नको असलेल्या वर्गण्या थांबवा. ठेवीचे खाते यूपीआयपासून वेगळे करा. दुकान असेल तर पाटी लावा. सोसायटीच्या पुढच्या सभेत ‘खात्याचा मासिक उतारा फलकावर’ हा एक ठराव मांडा आणि तो खजिनदारालाच मांडू द्या. त्यामुळे कुणावर रोख राहत नाही.

कुणी तुम्हाला ‘नाव वाचून दाखवा’, ‘जमा होऊ द्या’, ‘मी उलट फोन करतो’ म्हणाले, तर हसून ‘करा की’ म्हणा. अशी मुभा गावात, वाडीत, इमारतीत सगळ्यांना मिळाली, की भामट्याला घाई करायला जागा राहत नाही आणि प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा ओरडून सिद्ध करावा लागत नाही.